लग्नघरी माप ओलांडावे ते नव्या सुनेनेच

तुळशीचे लग्न लागले, की घराघरांतून याद्या निघू लागतात. पत्रिका किती छापायच्या, तांदूळ किती पोती, जिलेबी किती किलो, आहेराची लुगडी किती, सगळे कागदावर उतरते. एक यादी मात्र कागदावर येत नाही. नवरदेवाचा मामा किंवा थोरला भाऊ मंडपाच्या कोपऱ्यात उभा राहून ती बोटांवर मोजतो. हळदीच्या रात्री किती लागेल, स्वागत समारंभाला किती लागेल आणि वरातीतल्या पोरांना किती लागेल, असा तो हिशेब असतो. पूर्वी हे मागच्या दाराने चाले. आता पुष्कळ ठिकाणी ते पुढच्या दाराने चालते.

दवाखान्यात रक्तदाब तपासून घेताना एखादे यजमान हळूच विचारतात, “डॉक्टर, शंभर माणसांना किती पुरेल हो?” माझे पहिले उत्तर ठरलेले असते. अजिबात आणू नका. अक्षता पडायला दारू लागत नाही आणि तिच्यावाचून एकही लग्न मोडल्याचे मी ऐकलेले नाही. पण हे उत्तर ऐकून यजमान हसतात, मान डोलावतात आणि जायचे तिथे जातातच. म्हणून आज दुसरे उत्तरही सविस्तर देतो. हा लेख दारूची भलामण करण्यासाठी नाही. ज्यांच्या घरी ती येणारच आहे, त्यांनी निदान हिशेब तरी बरोबर करावा, एवढ्यासाठी आहे. चुकलेल्या हिशेबाचे पैसे यजमान भरतो, पण त्याची खरी किंमत पाहुण्याच्या बायकामुलांना मोजावी लागते.

‘माणशी एक क्वार्टर’

आपल्याकडे सर्रास चालणारे सूत्र म्हणजे माणशी एक क्वार्टर. त्यावर ‘असू द्या थोडी जादा’ म्हणून आणखी काही. जिलेबी माणशी चार, तशी क्वार्टर माणशी एक. हे सूत्र कोणी ठरवले कोण जाणे, पण वैद्यकीय दृष्टीने ते फार वाईट आहे. ते का, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. चौथीच्या मुलाला जमेल एवढेच आहे.

बाटलीतले सगळे पाणी, रंग आणि वास बाजूला ठेवा. शरीरावर परिणाम करतो तो त्यातला शुद्ध मद्यार्क. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असे छापलेले असते. म्हणजे १०० मि.ली. मध्ये ४२.८ मि.ली. मद्यार्क. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असतो. त्याच्या एका मि.ली.चे वजन सुमारे ०.७९ ग्रॅम भरते. या हिशेबाने ३० मि.ली.च्या छोट्या पेगमध्ये जवळजवळ बरोबर १० ग्रॅम मद्यार्क येतो. या १० ग्रॅमला आपण ‘एक माप’ म्हणू. आता बाकीची भांडी या मापाने मोजू.

छोटा पेग, ३० मि.ली. : १ माप
मोठा पेग, ६० मि.ली. : २ मापे
नाइन्टी, ९० मि.ली. : ३ मापे
क्वार्टर, १८० मि.ली. : ६ मापे
खंबा, ७५० मि.ली. : २५ मापे
माइल्ड बिअर (५ टक्के), ६५० मि.ली.ची बाटली : अडीच मापे
स्ट्राँग बिअर (८ टक्के), ६५० मि.ली.ची बाटली : ४ मापे
वाइन (साधारण १२ टक्के), १०० मि.ली. : सुमारे १ माप

‘मी दारू घेत नाही, फक्त बिअर घेतो’ असे सांगणाऱ्या सज्जनांनी वरचा आकडा पुन्हा वाचावा. स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली म्हणजे चार छोटे पेग. दोन बाटल्या म्हणजे क्वार्टरपेक्षाही जास्त.

आता त्या प्रसिद्ध सूत्राकडे या. क्वार्टरमध्ये सहा मापे, म्हणजे ६० ग्रॅम मद्यार्क. जागतिक आरोग्य संघटना एका वेळी ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क घेण्याला अतिरेकी मद्यपान समजते. म्हणजे आपण ज्याला माणशी बेताचे म्हणतो, तिथेच संघटनेच्या लेखी अतिरेक सुरू होतो. यजमानाने माणशी एक क्वार्टर मागवली, की त्याने प्रत्येक पाहुण्याच्या अतिरेकाची सोय आधीच करून ठेवली.

यकृताला घाई माहीत नाही

प्यायलेली दारू पोटातून आणि आतड्यातून रक्तात जाते. रिकाम्या पोटी ती अर्ध्या ते एक तासात रक्तात पुरती चढते. पोटात जेवण असेल तर सावकाश चढते. तिचा निचरा मात्र मुख्यतः एकटे यकृत करते आणि ते ठरलेल्या चालीने काम करते. साठ किलोच्या पुरुषाला एक माप निकालात काढायला साधारण दीड तास लागतो. माणसागणिक थोडे कमी-जास्त होईल, पण फार नाही. लिंबू चोखले, काळी कॉफी प्यायली, डोक्यावर गार पाणी ओतले, उलटी काढली, तरी यकृताची चाल वाढत नाही. कॉफीने झोपाळलेला दारुडा जागा दारुडा होतो, एवढेच. बायकांच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असल्याने तितक्याच मापाने त्यांच्या रक्तात प्रमाण अधिक चढते. गरोदर स्त्रीने तर थेंबही घेऊ नये.

क्वार्टरची सहा मापे प्रत्येकी दीड तास, म्हणजे नऊ तास झाले. हळदीच्या रात्री दहाला बसलेला माणूस एक क्वार्टर रिचवून झोपला, तर ती पुरती उतरायला सकाळचे सात वाजतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मि.ली. रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. २०१९ मधील दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. साठ किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी दोन छोटे पेग झटपट घेतले, तर त्याच्या रक्तात ५० मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क चढतो. म्हणजे दोनच पेगांत कायद्याची रेघ ओलांडली जाते. ‘दोनने काय होते?’ या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

आता वऱ्हाडाच्या जीपचा ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणा. हळदीच्या रात्री दहा ते बारामध्ये आग्रहाने त्याला दीड क्वार्टर पाजली. सकाळी सहाला तो तोंड धुऊन, चहा पिऊन, कपाळाला गंध लावून गाडीवर बसला. बोलतो नीट, चालतो नीट. पण हिशेब मांडला तर त्याच्या रक्तात अजून १०० मिलिग्रॅमच्या जवळपास मद्यार्क आहे, कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक. मागे पंधरा माणसे बसली आहेत, त्यात करवली आहे, आजी आहे, लहान मुले आहेत. लग्नसराईत पहाटेच्या अपघातांची बातमी वाचून ‘ड्रायव्हरला डुलकी लागली’ असे आपण म्हणतो. ती डुलकी कधी कधी आदल्या रात्री आपणच त्याला पाजलेली असते.

यादीला कात्री लावा

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा, चारशे माणसांचे आमंत्रण आहे. त्यात प्रौढ पुरुष १६०. यजमानाचा मामा म्हणतो, “निम्मे तरी घेणारच.” म्हणजे ऐंशी क्वार्टर. १८० गुणिले ८०, झाले १४,४०० मि.ली. सुमारे वीस खंबे. मापे भरली ४८०.

मामांचा अंदाज पहिल्याच पायरीवर चुकतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्के पुरुष दारू घेतात असे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. १६० पुरुषांचे १४ टक्के म्हणजे बावीस. लोक पाहणीत खरे सांगत नाहीत आणि लग्नात एरवी न घेणारेही घेतात, हे धरून आपण आकडा जवळजवळ दुप्पट करू. चाळीस झाले. ऐंशी तरी झाले नाहीत. बहुसंख्य पाहुणे जेवायला आणि भेटायला येतात, हे यजमानाला त्या गडबडीत आठवत नाही.

या चाळीस नावांवर आता पेन्सिल घेऊन बसा.

गाडी किंवा मोटारसायकल चालवत घरी जाणार आहेत, अशी समजा आठ नावे. ती काटा. रोज औषधे घेणारे आणि दारू सोडलेले मिळून चार. ती काटा. पंचविशीच्या आतली तीन मुले. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. ती नावेही काटा. राहिले पंचवीस.

माणशी किती? दोन मापे, त्यावर नाही. दोन मापे आरोग्याला चांगली असतात म्हणून हा आकडा धरलेला नाही. दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे आणि कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थांच्या यादीत दारू १९८८ पासून आहे. दोन मापे एवढ्यासाठी, की संध्याकाळी सातला घेतलेली दोन मापे रात्री दहा-साडेदहापर्यंत उतरतात आणि माणूस आपल्या पायांनी, आपल्या शुद्धीत घरी जातो.

पंचवीस गुणिले दोन, झाली पन्नास मापे. म्हणजे बरोबर दोन खंबे. मामांचे वीस कुठे आणि हे दोन कुठे! त्यातले दहाजण माइल्ड बिअर घेणारे असले, तर त्यांना माणशी एक मोठी बाटली, म्हणजे दहा बाटल्या. उरलेल्या पंधरांना दोन छोटे पेग, म्हणजे ९०० मि.ली. एक खंबा आणि एक क्वार्टर आणली की झाले. आपल्या यादीप्रमाणे आकडे बदला, रीत हीच ठेवा.

यात एक गोष्ट कटाक्षाने पाळा. जास्तीची धरू नका. भात कमी पडला तर घराचे नाव जाते, म्हणून स्वयंपाकी नेहमी शंभराला सव्वाशेचा भात टाकतो. ते योग्यच आहे. पण दारू कमी पडली तर कोणाचेच काही जात नाही. चार माणसे थोडी कुरकुरतात आणि वेळेवर जेवायला बसतात. जास्त आणली तर मात्र ‘आता उरवायची कशाला?’ म्हणून ती शेवटच्या तासात संपवली जाते. रात्रीचे बहुतेक अनर्थ त्याच उरलेल्या बाटल्यांचे असतात.

वाढण्याची रीत

बाटल्या टेबलावर मांडून ‘घ्या हो आपापले’ म्हणू नका. डोळ्यांच्या अंदाजाने ओतलेला पेग बहुधा मोठाच होतो. घरातल्या एका न पिणाऱ्या, वयाने मोठ्या माणसाकडे हे काम सोपवा. त्याच्या हातात ३० मि.ली.चे माप द्या. दुकानात ते मिळते, किंमत किरकोळ असते. असा माणूस समोर असला, की तरुण मंडळी आपोआप पाठ फिरवतात, हा आणखी एक फायदा.

वेळ ठरवा. सातला सुरू, साडेआठला बंद, लगेच पाने मांडा. रात्री अकरापर्यंत पिणे आणि बाराला गार झालेले जेवण, हा क्रम उलटा आहे. घेणाऱ्यांच्या पोटात आधी काहीतरी जाऊ द्या. नुसता खारा चकणा, शेव, खारे शेंगदाणे यांनी तहान वाढते आणि पेलाही वाढतो. त्यापेक्षा उकडलेली अंडी, पनीर, मोड आलेले उसळीचे कडधान्य, काकडी, गाजर ठेवावे. पाणी, ताक, कोकम सरबत भरपूर असावे आणि ते दारूच्या टेबलापेक्षा जवळ असावे. चैत्र-वैशाखातल्या उन्हात वरातीपुढे नाचणाऱ्यांना तर दारू मुळीच देऊ नका. दारूने लघवी वाढते, अंगातले पाणी कमी होते, वर ऊन आणि नाच. उष्माघाताला आणखी काय हवे?

रिकामे होणारे पेले ताबडतोब उचलायला एक माणूस ठेवा. लहान मुले पेल्यातली उरलेली घोट-दोन घोट गंमत म्हणून पितात. लहान मुलाच्या रक्तातली साखर एवढ्यानेही घसरू शकते आणि त्याला झटके येऊ शकतात. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत दारू मिसळून लपवण्याची चाल तर फारच घातक आहे. तहानलेले पोर बाटली बघते, आत काय आहे ते बघत नाही.

बँडवाले, मंडपवाले, आचारी, वाढपी आणि ड्रायव्हर यांना खुशीने बाटली देण्याची पद्धत बंद करा. आचारी उकळत्या तेलाशी, मंडपवाला शिडीवर आणि विजेच्या तारांशी, तर ड्रायव्हर आपल्या जिवाशी काम करतो. खुशी द्यायची तर रोख द्या, सोबत जेवणाचा डबा द्या.

आग्रह कोणाला करू नये

आग्रह ही आपल्या पंगतीची शोभा आहे, पण तो जिलेबीपुरता ठेवावा. पुढील लोकांना तर चुकूनही आग्रह करू नये.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारे. उपाशी असताना रक्तातली साखर टिकवण्याचे काम यकृत करते. ते दारू निस्तरण्यात गुंतले, की साखर एकदम घसरते. माणूस घामेजतो, बरळतो, झोकांड्या खातो. पाहणाऱ्याला वाटते, चढली आहे. त्याला खोलीत नेऊन निजवतात आणि दार लावून घेतात. असा एक गृहस्थ आमच्याकडे ‘जरा जास्त झाली आहे’ म्हणून आणला होता. त्याने घेतला होता एकच पेग. साखर निघाली ३८. शिरेतून ग्लुकोज जाताच उठून बसला. सकाळपर्यंत निजवून ठेवला असता तर उठला नसता.

जुलाबासाठी किंवा दाढेसाठी मेट्रोनिडॅझोल घेणारे. झोपेच्या, चिंतेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या घेणारे. झोपेची गोळी आणि दारू एकमेकींचा जोर वाढवतात आणि श्वास मंदावतो. कावीळ होऊन गेलेले, यकृताचे किंवा जठराच्या व्रणाचे रुग्ण.

दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामची गोळी घेणारे. ही गोळी पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हा धोका राहतो. काही घरांत ही गोळी माणसाला न सांगता भाजीत घातली जाते. असे कधीही करू नये. बिचाऱ्याला काहीच माहीत नसते, लग्नात कोणी पेला हातात देतो आणि प्रसंग जिवावर बेततो.

आणि सर्वांत महत्त्वाचा, दारू सोडलेला माणूस. ज्याने वर्ष-दोन वर्षे कष्टाने ती दूर ठेवली आहे, त्याला ‘आज भाच्याचे लग्न आहे, एकच घे’ म्हणणारा त्याचा मित्र नव्हे. त्याच्या बाबतीत एक हा आकडा नसतोच. त्या एका पेल्याने त्याची बायको, मुले पुन्हा पहिल्या दिवसावर येऊन पडतात. त्याच्या शेजारी बसा, त्याच्याबरोबर सरबत घ्या. हा त्याला सर्वांत मोठा आहेर होईल. ज्यांना सोडायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदत क्रमांक आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयातही चौकशी करावी.

याच्या उलट एक प्रकार असतो. रोज भरपूर पिणारा पाहुणा लग्नघरी मुक्कामाला येतो आणि लाजेखातर दोन दिवस एकदम बंद करतो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप येत नाही, कोणाकोणाला फिट येते, भास होऊ लागतात. ही भूतबाधा नव्हे आणि नाटकही नव्हे. हा आजार आहे आणि त्यावर रुग्णालयात उपचार आहेत. त्याला दारू पाजून गप्प करू नका, डॉक्टरांकडे आणा.

झोपलाय की बेशुद्ध आहे?

‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ या वाक्याने जेवढे जीव गेले असतील, तेवढे दारूने थेट गेले नसतील असे कधी कधी वाटते. माणूस आडवा झाला तरी पोटातली दारू रक्तात जातच असते. म्हणजे झोपल्यावरही नशा वाढू शकते. उताणे झोपलेल्या माणसाला उलटी झाली, की ती श्वासनलिकेत जाते आणि तो गुदमरतो.

अशा माणसाला नेहमी कुशीवर निजवा. वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे आणा, म्हणजे तो पालथा-उताणा होणार नाही. हनुवटी थोडी वर, तोंड खालच्या दिशेला. शेजारी शुद्धीत असलेला एक माणूस बसवा. मध्येच हाक मारून, खांदा हलवून पाहा.

हाकेने किंवा चिमट्यानेही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, ओठ-नखे निळी दिसत असतील, अंग गार पडले असेल, झटके येत असतील किंवा पडून डोक्याला मार लागला असेल, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात लिंबूपाणी, ताक, साखरपाणी, काहीही ओतू नका. घशात बोटे घालून उलटी काढू नका. अंघोळ घालू नका. मधुमेही शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर मात्र लगेच साखर द्या आणि रुग्णालय गाठा. लोक काय म्हणतील म्हणून तास-दोन तास घालवले जातात. रुग्णालयात आम्ही वऱ्हाडाची अब्रू मोजत नाही, नाडी मोजतो.

बाटली कोठली?

पैसे वाचवण्यासाठी सुटी, विनालेबलची किंवा हातभट्टीची दारू आणू नका. तिच्यात मिथेनॉल असू शकते. त्याची चव, वास वेगळा कळत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पोटात दुखू लागते, धाप लागते, डोळ्यांपुढे धुके येते. अशी एकाचीही तक्रार आली, तर ज्यांनी ज्यांनी ती घेतली त्या सर्वांना तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्या. वेळेवर उपचार झाला तर जीव आणि डोळे दोन्ही वाचू शकतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे अशा विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. गोव्याहून स्वस्त बाटल्या भरून आणण्याचा सल्लाही कोणी देईल. परवान्याशिवाय तसे आणणे महाराष्ट्रात गुन्हा आहे. हॉल, लॉन किंवा मंडपात मद्य द्यायचे असल्यास राज्य उत्पादन शुल्क खात्याचा त्या दिवसापुरता परवाना घ्यावा लागतो. परवान्याच्या दुकानातून सीलबंद बाटली, पावतीसह घ्यावी.

थोडक्यात लक्षात ठेवण्यासारखे

१. सर्वांत बिनचूक हिशेब म्हणजे शून्य.
२. आणायचीच असेल तर ‘माणशी एक क्वार्टर’ हे सूत्र विसरा. खरोखर घेणाऱ्यांची नावे लिहा, त्यांतून गाडी चालवणारे, औषधे घेणारे, सोडलेले आणि कमी वयाचे वगळा. उरलेल्यांना दोन मापे धरा.
३. वर जादा धरू नका. संपली की संपली.
४. मापाने वाढा, लवकर थांबवा, वेळेवर जेवू घाला.
५. जेवढ्या बाटल्या मोजता, तेवढ्याच काळजीने घरी पोचवणाऱ्या गाड्या आणि न पिणारे चालक मोजा. मोटारसायकलींच्या किल्ल्या आधीच एका ठिकाणी जमा करा. लांबच्या पाहुण्यांसाठी गाद्या-सतरंज्या जादा आणा. त्या उरल्या तरी कोणाचे नुकसान नाही.
६. हळदीच्या रात्री वऱ्हाडाच्या ड्रायव्हरला एक थेंबही नको. त्याला जेवण द्या आणि दहा वाजता झोपायला पाठवा.

लग्नात माप ओलांडायचे असते ते नव्या सुनेने, उंबऱ्यावर, तांदळाचे. ते ओलांडून ती घरात येते. दुसरे माप ओलांडलेला पाहुणा घरी पोचेलच, असे सांगता येत नाही. यादी करताना एवढे ध्यानात असू द्यावे.